आबांची पहिली वाटी

बिबवेवाडीत दुधाची दुकानं काही कमी नाहीत आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पाटीवर 'शुद्ध' हा शब्द असतोच असतो. गेनबा काळभोरांच्या पाटीवर तो नाही. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं होतं, तेव्हा गेनबा म्हणाले होते, "दूध म्हनल्यावर त्यात शुद्ध आलंच की. उगा रंग कशाला घालवतो?" त्यामुळे पाटीवर नुसतं 'काळभोर दूध' एवढंच आहे, आणि तेवढ्यावर दुकान वर्षानुवर्षं झकास चाललं आहे.

गेनबा मूळचे लोणी काळभोरचे. चुलतभावांच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध रोज सकाळी टेम्पोतून दुकानात येतं. गेनबा उंचीने बेताचे, अंगाने भरलेले, मिशा भरघोस, आणि आवाज असा की पलीकडच्या चौकातल्या माणसाला फोन करायची गरज पडू नये. घरचे, दारचे, गिऱ्हाइकं सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांची बायको बायडाबाईसुद्धा चारचौघांत आबाच म्हणते. फक्त रागावली की "अवं, ऐकलं का" वर येते, आणि हे दिवसातून बऱ्याच वेळा होतं.

दुकानातलं आबांचं खरं काम एकच. किटल्या उतरल्या, झाकणं निघाली, की प्रत्येक किटलीतलं घोटभर दूध पिऊन बघायचं. मुलगा सार्थक याने फॅट मोजायचं यंत्र आणलं आहे. यंत्र आकडे दाखवतं आणि आबा उरलेलं सगळं सांगतात. म्हशीने काल काय खाल्लं, किटली नीट धुतली होती की नुसती विसळली, आणि चुलतभावाच्या घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय. यातलं शेवटचं ते दुधावरून ओळखतात की फोनवरून, हे अजून कुणाला कळलेलं नाही. पण एक नियम पक्का. घोट घेतला की तो गिळायचा. चव बघून थुंकून टाकणं त्यांच्या घराण्यात नाही. दूध थुंकायचं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारायची, असं आबा मानतात.

दुसरं काम वर्षातून एकदा. दसऱ्याला अवघं पुणं श्रीखंडाच्या मागे लागतं, पण काळभोरांच्या दुकानासमोर रांग असते ती बासुंदीची. फार पूर्वी गल्लीत कुणीतरी उठवून दिलं होतं की बासुंदी दाट करायला आबा तिच्यात टिपकागद घालतात. दुसरा कुणी असता तर भांडला असता. आबांनी दसऱ्याच्या सकाळी अख्खी कढई दुकानाच्या दारात आणवली, सगळ्यांदेखत तिच्यातली काठोकाठ वाटी भरून खाल्ली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हां, आता तुमचा नंबर." तेव्हापासून तो रिवाजच पडला. पहिली वाटी आबांची, आणि ती रिकामी झाल्याशिवाय विक्री सुरू होत नाही. टिपकागदाची गोष्ट लोक विसरून गेले, वाटी बघायला मात्र पोरंबाळं घेऊन येतात.

अशा माणसाला त्याच्याच पोटाने गेल्या पावसाळ्यात दगा दिला. आधी साधे जुलाब झाले. ते थांबले, पण पोट काही जागेवर आलं नाही. सकाळी किटल्या तपासून झाल्या की थोड्या वेळाने गुडगुड सुरू, मग फुगारा, मग गल्ला सोडून मागच्या दाराने पाठीमागच्या घरात धाव. गिऱ्हाईक दह्याचं भांडं पुढे धरून उभं आणि आबा गायब, असं रोजचं झालं. आबांनी वांग्याला दोष दिला, हरभऱ्याच्या डाळीला दिला, नळाच्या पाण्याला दिला, बायडाबाईंच्या फोडणीलाही देऊन बघितला आणि त्याचं उत्तर तिथल्या तिथे घेतलं. दुधाचं नाव काढायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

शेवटी बायडाबाईंनी त्यांना रिक्षात घातलं आणि डॉक्टर नंदाबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं, दुसरा काही आजार नाही याची खात्री करून घेतली, काही दिवस दूध बंद ठेवायला लावलं, पुन्हा सुरू करायला लावलं, आणि मग निकाल सांगितला.

"आबा, दुधात एक साखर असते. ती पचवायला आतड्यात एक एंझाइम लागतं. तुमच्या पोटात ते आता कमी पडतंय. वयाने होतं, आणि त्या जुलाबांनंतर जास्तच झालंय."

"आमच्या दुधात साखर?" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "कोन म्हनतं? नाव सांगा त्याचं."

"म्हशीनेच घातलेली असते हो ती. सगळ्यांच्याच दुधात असते." डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "हा काही मोठा रोग नाही. दही-ताक चालेल. दूध आणि बासुंदी कमी करा. अगदीच हवं असेल तर त्या एंझाइमची गोळी मिळते, पण ती नीट पारखून घ्यावी लागते. पुढच्या वेळी या, मी सांगते."

आबांच्या कानात 'दूध कमी करा' एवढंच शिरलं. त्यापुढचं सगळं बाहेरच राहिलं. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत आणि बायडाबाई घाबरल्या, कारण लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

सार्थक मुलगा म्हणून चांगला आहे, पण चांगली मुलं कधीकधी फार लागेल असं बोलून जातात. तो म्हणाला, "आबा, यंत्र आहेच की. दूध मी बघत जाईन, तुम्ही निवांत घरी बसा. आणि दसऱ्याची वाटीही यंदा मी खाईन." त्याने हे मायेनेच म्हटलं. आबांना मात्र वाटलं, आपल्याला जिवंतपणीच हार घालून भिंतीवर टांगलं. वाटी दुसऱ्याने खाल्ली तर ती आबांची वाटी कशी? आणि ज्याला आपलंच दूध पचत नाही, त्याच्या शब्दावर लोकांनी ते का न्यावं? दसरा अजून लांब होता, पण आबांना तो रोज सकाळी डोळे उघडले की समोर दिसायला लागला.

मग सुरू झाला उपायांचा सपाटा. दुधाच्या दुकानात रोज अख्खी वस्ती येते आणि प्रत्येकाकडे पोटावर एक रामबाण असतोच. जिममध्ये जाणाऱ्या आमोदने कॅप्सूल आणून दिल्या. कुणाच्या लेकीने परदेशातून पाठवलेल्या, लहान मुलांच्या चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या आल्या. कुणी चूर्ण दिलं, कुणी कसलासा रस. आबांनी काहीही नाकारलं नाही. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बाटल्यांची अशी दाटी झाली की बायडाबाई म्हणाल्या, "देवाला सरकून बसाया सांगते आता." पोट मात्र होतं तिथेच होतं.

अशा वेळी पायल आली. ती शेजारच्या सोसायटीत राहायची, बोलायला गोड आणि अंगात उत्साह दोन माणसांचा. तिच्या हातात सोनेरी अक्षरांचा डबा होता आणि डब्याबरोबर एक चकचकीत माहितीपत्रक. त्यात एंझाइम, वनस्पती, जीवनसत्त्वं सगळं एकत्र होतं, आणि गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत ज्याला-त्याला त्याने आराम पडत होता. "आबा, एक महिना घ्या, बघा पोट कसं हलकं होतं! फक्त कोर्स चालू असताना दूध आणि दुधाचं काही घ्यायचं नाही हं."

आबांनी मन घट्ट करून दूध सोडलं, किटल्या सार्थकच्या यंत्रावर सोपवल्या, डबा सुरू केला आणि काय आश्चर्य, पोट शांत झालं! गुडगुड गेली, फुगारा गेला, मागच्या दाराची धाव थांबली. आबांचा आनंद गल्लीत मावेना. त्यांनी पायलला सांगितलं, "पोरी, डझनभर डबं आनून ठिव आपल्या काउंटरवर. लोकांचं बी भलं व्हऊ दे." पायलने डबे आणले आणि दह्याच्या बरण्यांशेजारी सोनेरी रांग लागली.

त्या रांगेला पहिली दृष्ट लागली बापूराव पाठकांची. हे निवृत्त शिक्षक. कौतुक करणं त्यांना प्रकृतीला मानवत नाही. रोज दूध घेताना "कालच्यासारखंच आहे, की काही सुधारणा?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. त्यांनी एक डबा उचलला, चष्मा कपाळावर चढवला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे विचारलं, "आबा, हे आपल्या खात्रीवर विकताय, की डब्याच्या?"

 दुधाबद्दल कुणी असं विचारलं असतं तर आबांनी किटलीचं झाकण काढून दाखवलं असतं. पण या डब्यात काय आहे, ते कुठून येतं, कोण करतं, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ज्या काउंटरवर न पारखलेलं दूध कधी आलं नाही, तिथे आपण हा डबा मांडला कसा? "मास्तर, उंद्या सांगतो," म्हणून त्यांनी सगळे डबे उचलून आत नेले आणि सुनेला हाक मारली.

सून उत्कर्षा अमरावतीची. पुण्यात कंपनीत नोकरीला आली, या दुकानात दही घ्यायला यायला लागली, आणि दह्यापायी इथलीच होऊन गेली. तिची नोकरी म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या. ऑफिसात त्याचा पगार मिळतो, घरी ती हे आवडीने करते.

"आबा, मला आधी एक सांगा," ती म्हणाली. "डबा घेताय तेव्हापासून दूध बंद आहे ना?"

"बंद म्हंजी बंद. थेंब न्हाई."

"बाप्पा! मग डबा नसता घेतला, तरी बरं वाटलंच असतं की नाही? डॉक्टरांनी दूध बंद केलं होतं, तेव्हाही वाटलं होतं ना?"

आबांनी बायडाबाईंकडे बघितलं. बायडाबाई पदर तोंडाला लावून खांदे हलवत होत्या. आबा आधी चिडले, मग त्यांनाच हसू फुटलं, आणि मग तिघंही इतकी हसली की सार्थक काउंटर सोडून आत बघायला आला.

दुसऱ्या दिवशी बापूराव भिंग घेऊनच आले. उत्कर्षाने डबा फिरवून बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. "हे बघा, सगळ्याचं मिळून एकच वजन दिलंय. एंझाइम किती, वनस्पती किती, काही वेगळं लिहिलेलं नाही. आणि एंझाइमचं नुसतं वजन सांगून उपयोग नसतो. ते काम किती करतं, त्याचं युनिट असतं. ते द्यायला पाहिजे."

"म्हंजी फॅट न्हाई सांगत," आबा एकदम म्हणाले. "नुसतं लिटर सांगतंय. लिटर काय, नळाखाली धरलं तरी वाढतं!"

आता आबांना रस आला. एवढी वर्षं लोक त्यांना पारखत होते, आता त्यांची पाळी होती. उत्कर्षाने डब्यावरचा अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक मोबाइलवर घालून बघितला, तर तो निघाला कुठल्याशा लोणच्याच्या कारखान्याचा. डब्यावरच्या नंबरला फोन लावून विचारलं, की या मालाचा तपासणी अहवाल मिळेल का. पलीकडचा माणूस म्हणाला, आधी सभासद व्हा. आबांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "भाऊ, आमच्याकडं कोन बी येतं, झाकन उघडून दूध बघून जातं. त्याला काय मी सोयरा करून घेतो व्हय आधी?" फोन बंद झाला.

तेवढ्यात बापूरावांच्या भिंगाला तळाशी एक ओळ सापडली. 'औषधी वापरासाठी नाही.' त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली. "असल्या मालावर असं लिहावंच लागतं," उत्कर्षा म्हणाली. "म्हणजे डबा बिचारा खरं बोलतोय," बापूराव म्हणाले, "थापा मारतंय ते माहितीपत्रक."

संध्याकाळी पायल आली तेव्हा आबा ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिने लोणच्याच्या कारखान्याचं ऐकलं आणि तिचा चेहरा असा उतरला की आबांनी तिला स्टूल दिलं आणि ताकाचा पेला पुढे केला. तिने स्वतः तोच डबा घेतला होता, आपल्या आईलाही दिला होता. तिला कुणी गोड बोलून सांगितलं, तिने पुढच्याला गोड बोलून सांगितलं, एवढंच. "आईला डॉक्टरकडं ने आधी," आबा म्हणाले, "आन् हे डबं ज्यानं दिलं त्याच्या दारात नेऊन ठिव. सार्थक टेम्पो घिऊन येईल." ताक संपवून ती गेली, तेव्हा थोडी हसत होती.

त्यानंतर आबा आपल्या पायांनी डॉक्टर नंदाबाईंकडे गेले आणि या वेळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंनी साधंच सांगितलं. तुमचं दुखणं दुधातल्या साखरेचं, तर गोळीही फक्त तेवढ्याच एंझाइमची हवी, पन्नास गोष्टींची भेळ नको. वेष्टनावर युनिट लिहिलेलं असावं, मुदत बघावी, आणि रोग बरा करतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. उत्कर्षाने तशी गोळी शोधली. डबी अगदी साधी, पांढरी, सोनेरी काही नाही. परवाना क्रमांक बनवणाऱ्याच्याच नावावर निघाला. अहवाल मागितला तर दुसऱ्या दिवशी ईमेलने आला, डबीवरच्या बॅचच्या नंबरासकट. बायडाबाईंची एकच अट होती, हिरवा ठिपका हवा, कारण असली काही एंझाइमं जनावरापासून काढतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. ठिपका हिरवा होता.

"ही बुरशीपासून करतात, आई," उत्कर्षाने सांगितलं.

"बुरशी?" आबा किंचाळले. "आमच्या दुकानात बुरशीचा ठिपका दिसला तर म्या सगळ्यांला धारेवर धरीन, आन् मला तीच खायला घालता?" पण दसरा जवळ आला होता. आबांनी डबी छातीशी धरली.

घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी मोठ्या थाटात पेलाभर दूध घेतलं, गोळी घेतली, आणि दुपारपर्यंत त्यांची पूर्वीपेक्षा वाईट गत झाली. मागच्या दाराचा उंबरा झिजायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आबा पलंगावर आडवे पडले आणि छताकडे बघत म्हणाले, "सगळं एकाच माळेचं मनी. ह्यो बी खोटा, त्यो बी खोटा. सार्थकला म्हनावं, वाटी तूच खा." ऐकणाऱ्यांना वाईट वाटलं. बायडाबाईंनी तर देवापुढे दिवा लावला.

उत्कर्षा मात्र चूक सापडल्याशिवाय झोपणारी बाई नव्हे. तिने पलंगाशेजारी खुर्ची ओढली. "आबा, गोळी कशी घेतली ते सांगा. अगदी पहिल्यापासून."

"कशी म्हंजी? नीट घेतली. दूध ठिवलं ग्यासवर, गोळी टाकली त्यात, आन् चांगली दनदनीत उकळी फोडली. दोनदा फोडली. बुरशीची गोळी, कच्ची कशी घालायची पोटात? किटलीतला घोट सोडला, तर उकळल्याबिगर म्या कशाचाच भरवसा धरत न्हाई."

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. "अहो आबा, एंझाइम नाजूक असतं. उकळलं की मरतं ते! काहून उकळलं तुम्ही?"

"मरतं?" आबा म्हणाले. मग ते ताडकन उठून बसले. "आरं तिच्या! म्हंजी इरजनावानी! उकळत्या दुधात इरजन घातलं तर दही लागंल का कधी? म्या जल्मभर लोकांना सांगतोय, बाई, दूध कोमट व्हऊ द्या, मग इरजन लावा, आन् म्याच..." पुढचं त्यांना हसण्यामुळे बोलता येईना. आयुष्यभर ज्या उकळीने त्यांना सांभाळलं, तिनेच हा घोटाळा केला होता. दूधवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीच नसती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी चावून साध्या पाण्याबरोबर घेतली आणि लगेच दूध प्यायलं. थोडंच, अर्धा पेला. मग घरातली सगळी माणसं त्यांच्या पोटाकडे बघत बसली. सार्थक दोनदा दुकानातून डोकावून गेला. दुपार झाली, आबा पेपर वाचत होते. संध्याकाळ झाली, आबा कुणाशी तरी फोनवर भांडत होते. पोट बोललं नाही.

पण अर्धा पेला दूध वेगळं आणि काठोकाठ वाटी आटीव बासुंदी वेगळी. शिवाय एक नवाच पेच पडला. दसऱ्याच्या सकाळी सार्थक हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, गोळी आतच घेऊन या. लोकांसमोर नको. आपलीच बासुंदी खायला गोळी लागते म्हटल्यावर काय बोलतील?" बायडाबाईंनाही ते पटलं. आबा ओट्याशी उभे राहिले, गोळी हातात धरून. बाहेर रांगेचा गलका ऐकू येत होता. मग ते गोळी मुठीत घेऊन तसेच दारात आले.

कढई दारात होती, झेंडूची तोरणं लागली होती, रांग वळणापर्यंत गेली होती. बापूराव सर्वांत पुढे. आबांनी मूठ उघडली. "मंडळी, एक सांगतो. मला आता दूध पचत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वयानं झालंय. दूध चोख हाय, पोट जुनं झालंय. म्हनून ही गोळी. सुनेनं पारखून आनलीय. आधी ही घेनार, मग वाटी. ज्याला चालत नसंल त्यानं खुशाल दुसऱ्या दुकानी जावं."

 सार्थकने मान खाली घातली. आबांनी गोळी चावली, पाणी प्यायलं, वाटी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. मिशा पुसल्या.

बापूराव घसा खाकरून म्हणाले, "आबा, डबी दाखवता का जरा?"

"का वो मास्तर? शंका हाय?"

"शंका नाही, गरज आहे. गेली कित्येक वर्षं मी बासुंदी घरी नेतो आणि बायकोला खाताना बघतो." एवढं म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले. त्यांच्या मागच्या बाईंनी पर्समधला मोबाइल काढला आणि डबीचा फोटो मागितला. मग त्यांच्या मागच्याने. बघता बघता निम्मी रांग आपापल्या पोटाची कहाणी सांगायला लागली, आणि असा गदारोळ झाला की विक्री सुरू करायचं भान कुणालाच राहिलं नाही. "माझ्याकडं गोळी मिळायची न्हाई!" आबा सगळ्यांवर आवाज चढवून सांगत होते. "आधी डॉक्टरला पोट दाखवा! ज्याचं त्याचं दुखनं येगळं असतं! आन् उकळू नका, कुनी बी उकळू नका!"

दुपारपर्यंत कढई रिकामी झाली. आबा सगळा वेळ काउंटरवर उभे होते आणि एकदाही मागच्या दाराकडे गेले नव्हते. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ते पालथ्या किटलीवर बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की सकाळची वाटी कशी लागली, हे आपल्याला आठवतच नाही. पोटाच्या धास्तीने ती नुसती घशाखाली घातली होती. बायडाबाईंना न सांगता ते कळलं असावं. त्यांनी कढईच्या बुडाची खरवड उलथन्याने खरवडली, बशीत काढली, शेजारी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला आणि बशी त्यांच्या पुढ्यात सरकवली. "आता दमानं खावा," त्या म्हणाल्या.

आबांनी गोळी चावली आणि खरवडीचा पहिला घास घेतला. डोळे मिटले. म्हशीचं आटलेलं दूध, किंचित करपलेली कड, जिभेवर रेंगाळणारी साय, सगळं एकेक करून परत आलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. घरचे सगळे त्यांच्याभोवती उभे होते. यंदाची बासुंदी सार्थकने पहिल्यांदाच एकट्याने आटवली होती, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"येलदोडा जास्त पडलाय," आबा डोळे न उघडता म्हणाले. "आन् कालचं दूध म्हशीला सरकी वाढवून दिल्यावरचं हाय. यंत्रानं सांगितलं न्हाई तुला?"

सार्थकने बापाकडे बघितलं. त्याला हसू आलं. "नाही सांगितलं, आबा. उद्या सकाळी किटल्या तुम्हीच बघा."

"बघीन म्हंजी? मग काय तू बघनार व्हय?" आबा म्हणाले, आणि उरलेली खरवड संपवून रिकामी बशी त्यांनी पुन्हा बायडाबाईंपुढे धरली.